पाच तास हात लावायचा नाही

पडद्यावर आठ ओळी होत्या, गाडीच्या आठ तपासण्यांच्या. सात ओळींपुढे ‘पूर्ण’, एकीपुढे ‘अपूर्ण’, आणि खाली वेगळ्या चौकटीत एका जुन्या दोषाचा क्रमांक. गाडीचे दोष वाचणाऱ्या तळहाताएवढ्या यंत्राची वायर स्टिअरिंगखाली खोचलेली होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा होता, जो केंड्राला बघायचा नव्हता म्हणून ती बाकीचे सगळे पुन्हापुन्हा बघत होती... टाकीत पेट्रोल: एकसष्ट टक्के. आठ वाजून सहा मिनिटांनी तिनं ती काम करायची त्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेमागे, कुंपणाशी, गाडी बंद केली. आता एक वाजून सहा मिनिटांपर्यंत किल्ली फिरवायची नाही.

एकसष्ट. सहा वर्षांत टाकी इतकी खाली आली नव्हती.

चूक तिचीच होती. इंजिनाच्या दोषाचा दिवा लागला, पेट्रोलच्या झाकणाचं रबर चिरलेलं सापडलं, तिनं नवं झाकण बसवलं – आणि मग टेबल पुसावं तशी, याच यंत्राचं बटण दाबून, गाडीची स्मृतीच पुसून टाकली. धुराच्या तपासणीला नेली तेव्हा तपासणारा ओस्वाल्डो पडद्याकडे बघून हसला होता.

“बाई, पुसून आलात होय! हा खालचा क्रमांक दिसतोय? तो माणसाच्या हातानं जात नाही. गाडी स्वतः तपासते, तिची खात्री पटली की तीच खोडते.”

“कधी तपासते?”

“टाकी फार भरलेली नको, फार रिकामी नको. गाडी चालवायची, बंद करायची, आणि पाच तास तिच्या वाटेला जायचं नाही. पण तुमची टाकी कायम गळ्यापर्यंत. तपासणार कशी बिचारी? नाहीतर दोनशे मैल चालवा आणि इंजिन पंधरा वेळा थंड होऊन तापू द्या, मग तो क्रमांक असला तरी चालतो. शुक्रवारी गाडीच्या नोंदणीची तुमची मुदत संपते. बघा बुवा.”

शुक्रवारनंतर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती, आणि डोंगराच्या या धारेवर गाडीशिवाय राहणं म्हणजे... धारेवरून खाली एकच रस्ता जातो. सहा वर्षांपूर्वी, आगीच्या सकाळी, त्या रस्त्यावर गाड्यांची न हलणारी रांग होती, दिवस असून अंधार होता, आणि तिच्या टाकीत काटा पाव टाकीच्या खाली होता – पुढच्या गाडीचे चारही दरवाजे उघडे, आत कुणी नाही, पेट्रोल संपलेलं – ती थांबली की इंजिन बंद करायची, आणि पुन्हा किल्ली फिरवताना दर वेळी वाटायचं, आता नाही लागणार. लागत गेलं. खाली पोचली तेव्हा काटा रेघेच्याही खाली होता. तेव्हापासून ती रोज सकाळी पंपावर थांबते. दोन टक्के कमी असले तरी भरते.

आतल्या टेबलावर चौदा बाटल्या होत्या, चौदा स्वयंपाकघरांतलं पाणी. त्या आगीत जळलेल्या नळांतून पाण्यात बेन्झीन हे विष उतरलं होतं, आणि एका अब्ज भागांत एक भाग इतकंही ती शोधून काढते. हे काम तिला येतं, आवडतं. पण आज सकाळी घाट चढताना पडद्यावर पाहिलं ते तिच्या कामापेक्षाही बारीक वाटलं. धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारे दोन सेन्सर, एक धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या आधी, एक नंतर. आधीच्याचा आकडा सतत थरथरत होता. नंतरचा जवळजवळ स्थिर. आणि गाडी एवढंच बघत होती – मागचा शांत आहे ना? मागचाही थरथरू लागला, तर मधला डबा संपला. म्हणजे शांतता हाच पुरावा... कुणीतरी असा विचार केला होता, आणि तो विचार लाखो गाड्यांच्या पोटात कुणालाही न सांगता चालू होता. मी रोज या गाडीत बसते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

बारा वाजता वारा सुटला. ईशान्येचा, कोरडा, कुंपणाची तार वाजू लागली. फोनवर सूचना आली: जोरदार वारा, आगीचा धोका. केंड्राच्या हातात किल्ली होती. ती कधी घेतली ते तिला आठवेना.

साडेबाराला शेजारची डार्ला नमुन्याची बाटली घेऊन पायी आली. आगीच्या सकाळी उघड्या दरवाज्यांची ती गाडी तिचीच होती. घरातल्या सपातांवर ती मागे चालत आली होती आणि केंड्राच्या शेजारी बसली होती.

“वारा बघितलास?”

“बघितला.”

“टाकी भरलीयेस ना?”

“एकसष्ट.”

डार्लानं बाटली खाली ठेवली. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं, पोरी?” मग तिनं नाक वर केलं. “धूर येतोय.”

दोघी मागच्या दारात उभ्या राहिल्या. केंड्रालाही आला... की आला असं वाटलं? तिनं फोनवर हवेतल्या प्रदूषणाचा आकडा पाहिला. नऊ. स्वच्छ.

“नऊ म्हणे! ते यंत्र होतं का तेव्हा रांगेत? जायचं नको, पण नुसती चालू करून ठेव. आवाज ऐकला की मला बरं वाटतं.”

“चालू केली की तपासणी मोडते, डार्ला. सव्वीस मिनिटं राहिलीत.”

“सव्वीस मिनिटांत आपण त्या दिवशी दोनशे फूट गेलो होतो.”

केंड्रानं किल्ली डार्लाच्या हातात दिली. “तू धर. माझ्याकडे नको.”

डार्लानं किल्ली मुठीत घेतली, शिव्या घालत गाडीच्या मागे कठड्यावर बसली. केंड्रा तिच्याशेजारी. वारा येत होता, आकडा नऊ होता, दहा झाला, पुन्हा नऊ. पाय उठू बघत होते. तिनं ते जमिनीवर दाबून धरले.

एक वाजून सहा मिनिटांनी मागच्या चाकाजवळ काहीतरी घुमू लागलं. बंद गाडीत. शेजारच्या खोलीतल्या फ्रीजसारखं, बारीक, सलग.

“आत कोण आहे?” डार्ला दचकली.

“पंप. टाकीतली हवा ओढून बघतोय. अर्ध्या मिलिमीटरचं भोक असलं तरी कळतं त्याला.”

“तुझ्याशिवाय?”

“माझ्याशिवायच.”

डार्लानं मूठ न उघडता गाडीच्या पत्र्याला कान लावला. केंड्रानंही लावला. पत्रा उन्हानं गरम होता, आणि आत, कुणी बघत नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, ती वस्तू स्वतःला विचारत होती – कुठे गळतंय का? – आणि उत्तर येईपर्यंत थांबत होती. तिला घाई नव्हती. केंड्राला आपला श्वास ऐकू आला. तोही घाईत नव्हता, आणि हे कधीपासून, ते तिनं मोजलं नव्हतं.

चार वाजता, काम संपल्यावर, डार्लानं किल्ली परत दिली. वारा पडला नव्हता. आठ ओळींपुढे ‘पूर्ण’ होतं, खालची चौकट रिकामी. घरी जाताना पंपाचा फलक आला, आणि बोटानं सवयीनं इंडिकेटर दिला... टक, टक, टक... डार्ला समोर बघत होती.

दारात गाडी बंद करण्यापूर्वी केंड्रानं पडदा पाहिला. सत्तावन्न टक्के.