इंजिन तापेपर्यंत

मार्केत्ताच्या गाडीने अर्धा हिवाळा माझं डोकं खाल्लं. तिच्या घरी सकाळी किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता कण्हायचा आणि माझ्या उबदार गॅरेजात आणली की गाडी लगेच सुरू. मी बॅटरी बदलली, ग्लो प्लग बदलले, डिझेलचा फिल्टरही बदलला. शेवटी चिडून ती रात्रभर माझ्या अंगणात उघड्यावर ठेवली, फक्त अंगणातल्या विजेच्या खांबाची वायर इंजिनाच्या हीटरला लावून, जशी फिनलंडच्या या गारठ्यात, आमच्या कैनू भागात सगळेच लावतात. उणे अठ्ठावीसमध्ये सकाळी गाडी गुमान सुरू झाली. म्हणजे खोट तिच्या अंगणात होती. मी गाडी तिला परत दिली.

मार्केत्ता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरोघर जाऊन त्यांचं औषधपाणी, आंघोळी बघायची. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि स्वतःची धड गाडी ही तिथली पहिली अट. रोजच्या उशिराला कंटाळून ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंनी तिला बजावलं होतं: उद्या बारापर्यंत आपल्या गाडीने ऑफिसात ये, नाहीतर येऊच नकोस. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी न कळवता मार्केत्ताच्या दारात हजर झालो.

वायर जागेवर होती. खांबाला वीज होती. बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला, तर गार दगड. वायर उपसली, तेव्हा गाडीच्या सॉकेटात आतपर्यंत पांढरा बर्फाचा थर दिसला. वायर रात्रभर आत असती तर तो जमलाच नसता. कोणीतरी ती आत्ता पहाटे खोचली होती.

आमच्याकडे बायकोच्या गाडीची वायर संध्याकाळच्या बातम्या संपल्या की नवरा लावून येतो. जो लावत नाही त्याला गाव नावं ठेवतं. मार्केत्ताचा नवरा इल्पो न चुकता बाहेर पडायचा.

दोघंही बाहेर आले. मी तिला सॉकेटातला बर्फ दाखवला. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"तू रोज बाहेर येऊन काय करत होतास?" तिने विचारलं.

"सिगारेट ओढत होतो," इल्पो म्हणाला. लाज नाही, शरम नाही. "काका, आत या. कॉफी टाकतो. आता इंजिन तापायला दोन तास लागणारच."

हरामखोर खरं बोलत होता. मी माझ्या बॅटरीचा जोर लावून पाहिला, पण आतलं तेल डांबरासारखं घट्ट झालं होतं. माझ्या गाडीने सोडतो म्हटलं, तर ती नको म्हणाली. ऑफिसापुढे माझ्या गाडीतून उतरली असती तर तिथेच विषय संपला असता. वायर लावून आम्ही आत बसलो.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिच्या पुढ्यात राईचा पाव ठेवला, वर लोणी लावून दिलं. मग मायेने एकेक आठवण काढू लागला. कुठल्या म्हाताऱ्याने दुसरी बाई पाठवा म्हणून फोन केला होता. तिच्याकडची एक आजी न्हाणीत घसरली त्या दिवशी मार्केत्ता घरी येऊन कशी रडली होती.

"तुला झेपत नाही हे मला दिसत होतं," तो म्हणाला. "मी बोललो असतो तर तुला लागलं असतं. म्हणून गाडीलाच बोलू दिलं."

मी त्याला तोंड आवरायला सांगितलं.

"काका, तुमची गिऱ्हाईक आहे. माझी बायको आहे."

तिने पाव बाजूला सारला. मग तिने त्यालाच विचारलं, "आजी पडली, ती माझ्यामुळे का रे?"

इल्पोने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

इंजिन तापल्यावर मी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. दारापर्यंत आणून लावली. शहरातलं ऑफिस बाराच्या आत गाठायला अजून भरपूर वेळ होता. मार्केत्ता कोट, पर्स घेऊन आली, आत बसली, स्टिअरिंगवर हात ठेवले. इंजिन सुरेख चालत होतं. तिने थोडा वेळ ते ऐकलं आणि बंद केलं.

किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "कोणी घेणारं मिळालं तर बघा काका. मला आता हिचा काय उपयोग."

इल्पोने तिच्यासाठी घराचं दार उघडून धरलं होतं, थंडी आत शिरू नये म्हणून अर्धंच. ती अंग चोरून आत गेली.