दुसरा वन्स मोअर

श्रीकृष्ण वकिलांना एका जुन्या नाटककाराचं भारी वेड. तो मरून शेकडो वर्षं झाली, पण यवतमाळच्या त्यांच्या घरात रोज पंगतीला असायचा. भाजी खारट झाली तरी वकील त्याचंच वाक्य ऐकवायचे. माणसाचं मन त्याच्याइतकं कुणी ओळखलं नाही म्हणे! सुचित्राबाई लग्नापासून हे ऐकत आल्या होत्या.

आज मात्र त्यांच्या अंगाची लाही होत होती. एकुलती एक शोभा बोरी अरब गावच्या वाहिद मेकॅनिकशी लग्न करून गेली, तेव्हापासून बापानं तिचं नाव टाकलेलं. आता तिचे दिवस भरत आले होते. सकाळी तिची सासू अकीलाबी स्वतः आली आणि दारातूनच म्हणाली, "वकीलसाहेब, पहिलं बाळंतपण माहेरी. तुमच्यात बी, आमच्यात बी. पोरगी रडून राह्यली. आनू का तिले?"

"मला मुलगी नाही," म्हणून वकील नाटकाच्या कपड्यांची पेटी घेऊन चालते झाले. विहिणीला पाणीसुद्धा विचारलं नाही त्या माणसानं!

दुपारी शाळेच्या हॉलात त्याच नाटककाराच्या नाटकाचा प्रयोग होता. वकील राजा झाले होते. घर सोडून गेलेली राजकन्या पायाशी आली आणि त्यांनी तिला छातीशी धरलं. राजकन्या म्हणजे लुगडं नेसलेला नरहर कारकून. "माणूस रागाला पोटच्या पोरासारखं पोसतो," वकील गहिवरून म्हणाले, "आणि पोटच्या पोराला उपाशी ठेवतो."

बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. वन्स मोअर आला. नरहर पुन्हा आत जाऊन पुन्हा आला, पुन्हा पायाशी पडला. या खेपेला तर वकिलांच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. नरहरला दोनदा माफी! सुचित्राबाईंना बसवेना.

"वन्स मोअर!" त्या उभ्या राहून ओरडल्या. वकिलीणबाईच ओरडतायत म्हणून लोक हसले. "नरहर, तू बाजूला हो. तुझं काही बाळंतपण नाही. अहो, अकीलाबी गेल्या नाहीत, बाहेर चिंचेखाली बसल्यात. एकदा हो म्हणा, शोभाला आणतील त्या."

वकील विंगेकडे बघू लागले. प्रॉम्प्टरनं विंगेतून घाईघाईनं पुढचं वाक्य दिलं आणि वकिलांनी ते म्हटलं.

"प्रधानजी, नगरात साखर वाटा!"

मागून टाळ्यासुद्धा पडल्या. सुचित्राबाई तडक बाहेर चिंचेखाली आल्या.

"काय म्हनले साहेब? आनू तिले?" अकीलाबी उठली.

"नको," सुचित्राबाई म्हणाल्या. "मीच येते. मी असेन तिथं तिचं माहेर."