किसणीच्या ड्रमाची जास्तीची ओळ

धनपालनं पेटंटच्या अर्जात एक ओळ जास्तीची घातली, आन तीच अंगलट आली.

त्येचा ड्रम हळद पॉलिश करायचा. आतनं पत्रा किसणीसारखा खरबरीत, फिरवला की हळकुंडाची साल साफ. पण अर्ज लिहिताना त्येला शिरवळचा केरबा आठवला. दुसऱ्याचं मशिन बघून चार दिवसांत तसलंच उभं करणारा गडी. त्येला पळवाट नको म्हणून धनपालनं हक्कात, म्हंजी नेमकं काय आपलं राखायचं त्या कलमात, नुसता 'भोकाच्या पत्र्याचा ड्रम' लिवला, आन खाली वर्णनात ठोकून दिलं, 'भोकं असलेला कुठलाबी पत्रा चालंल.'

तपासणाऱ्या सायबानं शेंगा चाळायचा जुना ड्रम काढला. त्येलाबी भोकं. मग तुमचं नवं काय? अर्ज नामंजूर. आता अपील. हेबी गेलं तर सात वर्षं खपून केलेला ड्रम कुणीबी बनवायला मोकळा.

सुनावणीला धनपाल आन आक्काताई, नवराबायको, सांगलीत वकील स्वप्नालीच्या हापिसात लॅपटॉपपुढं बसली. पडद्यावर न्यायमूर्ती बाई.

"हक्कातल्या शब्दाचा अर्थ वर्णन वाचून लावावा," स्वप्नाली म्हणाली. "वर्णनात खरबरीत पत्र्याचं चित्र आहे."

"वर्णनच वाचतेय," बाई म्हणाल्या. "कुठलाही पत्रा चालेल, असं तेच सांगतंय. मग मी अर्थ लहान का करू? अर्जदार, नुसती भोकं पाडलेल्या सपाट पत्र्यानं साल निघते?"

धनपालचं डोकं सटकलं. "सपाट? आवं, सा दिवस फिरवा, हळकुंड नुसतं गडगडंल."

स्वप्नालीनं कपाळ धरलं.

"मग ती ओळ कशासाठी लिहिलीत?"

"केरबासाठी."

"केरबा कोण?"

आक्काताईनं धनपालला कोपरानं ढोसलं. "ती ओळ काढा की."

"आगं, मग त्यो सपाट पत्रा लावून इकंल."

"इकू दे. साल निघंल का त्येची?"

"न्हाई."

"मग कवटाळून कशाला बसलाय?"

धनपालनं दोनदा मान खाजवली. "काढा," त्यो म्हणाला, आन त्वांड फिरवून बसला.

स्वप्नालीनं हक्क आवळून मागितला: किसणीसारखा पत्रा, धार आतल्या अंगाला. शेंगांचा ड्रम त्यात बसंना. बाईंनी सुधारणा मान्य केली, अपील मंजूर.

पुढच्या हंगामात केरबाचा फोन आला. "धनपाल, गड्या, माझ्या ड्रमात साल का निघंना रं?"

"पत्रा सपाट लावलायस?"

"व्हय."

"मग माझा अर्ज वाच की. सगळं लिवलंय त्यात," धनपाल म्हणाला, "आन वाचून झालं की लायसन मागायला ये."