सिंधूचा घडा

माझी बायको सिंधू काविळीने गेली. आमच्या वसाहतीत गटाराची लाइन फुटून घाण पिण्याच्या नळात आली होती. तक्रार केली की उत्तर यायचं, पाणी उकळून प्या. ती उकळूनच प्यायची. काकडी, कोथिंबीर मात्र नळाखाली धुवायची.

यंदा तिच्यामागची पहिली अक्षय्य तृतीया. गेलेल्याला पाणी पोचावं म्हणून भरलेला घडा द्यायचा असतो. गुरुजी येऊन बसले होते. सिंधूचे थोरले भाऊ भालचंद्रराव घडा भरायला विकतच्या पाण्याचा कॅन घेऊन आले. ते वसाहतीच्या पाणीखात्यातून रिटायर झालेले, आता रहिवासी समितीचे अध्यक्ष. सांडपाणी शुद्ध करून पिण्याला द्यायची योजना त्यांच्या सहीसाठी अडली होती. त्या शुद्ध केलेल्या पाण्याचा चाचणीचा नळ प्लांटच्या फाटकाशी सुरू होता.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले. "संडासाचं पाणी कोण पिणार? चेन्नईला समुद्राचं गोडं करतात, तसं आणा."

"भोपाळला समुद्र कुठे आहे, मामा? बिट्टन मार्केटच्या मागे?" माझी मुलगी वंदना म्हणाली.

"गुजरातेतून पाइप टाकायचा."

"आणि एवढं वर पठारावर चढवायचं कशाने? नुसतं मीठ काढायलाच केवढी वीज जाते. सांडपाणी तर इथेच आहे. गाळायची यंत्रं दोन्हीकडे जवळपास तीच."

"यंत्राचं नाही गं, मनाचं आहे. किळस येते."

माझं डोकं सटकलं.

"किळस? तुमची बहीण गटारच प्यायली, भालचंद्रराव. न गाळलेलं. तेव्हा खात्यात तुम्हीच होतात."

"लाइन जुनी होती, काशिनाथराव. ती बदलणं माझ्या एकट्याच्या हातात होतं का?"

"नव्हतं. आजची सही आहे."

मी बादली उचलली, फाटकाशी जाऊन चाचणीच्या नळावर भरली. घरी येऊन त्यांच्यापुढे दोन पेले ठेवले. एक बादलीतला, एक स्वयंपाकघरातल्या नळाचा. ती लाइन अजून ठिगळावरच चालू आहे.

"कुठलाही एक प्या."

त्यांनी दोन्ही पेले बाजूला सारले. मग म्हणाले, "वंदना, माझ्या कॅनमधलं दे जरा."

बादलीतला पेला मी उचलून प्यायलो. त्याच पाण्याने घडा काठोकाठ भरला.

गुरुजी चाचरले. "हे पाणी... चालेल ना?"

"चालेल. हे तिला वेळेवर मिळालं असतं तर आज तुम्हाला बोलवावं लागलं नसतं. संकल्प सांगा."

भालचंद्रराव कॅन घेऊन उठले. मी त्यांना थांबवलं नाही.