बेचाळीसांपैकी तिघं

मुलाखतीला बेचाळीस जणांना बोलावलं होतं, आले तिघंच. निघोज्याच्या कंपनीने हॉलमध्ये खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, पोहेही सांगितले होते. दुपारी ते पोहे पहिल्या शिफ्टच्या कामगारांनी संपवले.

ही बातमी कळली तेव्हा चिखलीच्या माजी नगरसेविका प्रभावती गायकवाड यांना राग आला नाही, नवल वाटलं. चार महिने खपून त्यांनीच ही मोट बांधली होती. आयटीआयचे मुकुंद सर वस्तीतल्या पोरांना संध्याकाळी मशीनचं काम फुकट शिकवायला तयार झाले. बुद्धविहाराच्या विश्वस्तांनी खालचा हॉल दिला. चाकण भागातल्या चार कंपन्यांच्या वतीने शेखर देशमुखांनी नोकऱ्यांचा शब्द दिला. पोलीस ठाण्यातल्या फौजदार दिव्या मॅडमनाही बाईंनी समितीत ओढलं होतं. आणि पोरं शिकत होती. कामावरून, कॉलेजातून थकून आलेली पोरं जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवरचा आकडा चुकला तर पुन्हा पुन्हा मोजत बसायची, हे बाईंनी स्वतः पाहिलं होतं. मग ऐन मुलाखतीला ती गेली कुठे?

समितीच्या बैठकीत प्रत्येकाकडे आपापलं उत्तर तयार होतं. शेखररावांच्या मते आजच्या पोरांना मशीनसमोर आठ तास उभं राहायचं नसतं; गाडीवरून पार्सलं पोचवणं त्यांना बरं वाटतं. मुकुंद सर म्हणाले, सकाळी निघोज्याला पोचायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, त्याचाच कंटाळा असणार. दिव्या मॅडमना वाटत होतं की घरचे मुलींना इतक्या लांब पाठवत नसतील.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरांपैकी कुणाला विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं.

बाईंचा स्वभावच तसा. नगरसेविका असताना गटार तुंबल्याची तक्रार आली की झाकण काढायला लावून त्या स्वतः आत वाकून बघायच्या. लोक हसायचे, पण कुठे काय अडकलंय ते कळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी पर्समध्ये टाकून त्या पिंकी सोनवणेच्या घरी गेल्या. वर्गात सगळ्यांत हुशार तीच. एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खाली पत्रा कापायचा आवाज.

पिंकीच्या आईने, कस्तुराबाईंनी, जय भीम करून चहा टाकला. पिंकी जरा घुश्शातच होती. बाईंनी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "ताई, आम्हाला बोलावणार होते ना? तीन आठवडे झाले, मी वाट बघतेय."

बाई चकित झाल्या. फोन आला नाही का, असं त्यांनी विचारलं. नाही आला, पिंकी म्हणाली. मग थोडा विचार करून तिने सांगितलं की एका अनोळखी नंबरवरून चार वेळा कुणीतरी त्रास देत होतं. शेवटी तिने उचलला, तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, तुमची निवड होणार आहे, आधार कार्डाचा आणि बँकेच्या पासबुकाचा फोटो पाठवा.

"मग तू काय केलंस?"

"चांगलं सुनावलं. म्हटलं, गरिबांना फसवायचे धंदे बंद करा. आणि नंबर ब्लॉक केला."

बाईंनी शेखररावांच्या ऑफिसचा नंबर काढून तिच्या मोबाइलशी ताडून पाहिला. तोच होता. पिंकीचा चेहरा उतरला. ती उठली, वर्गातली वही घेऊन आली आणि एक पान उघडून तिने बाईंपुढे धरलं. शेवटच्या आठवड्यात दिव्या मॅडमनी सायबर फसवणुकीवर व्याख्यान दिलं होतं, ते तिने अक्षरशः उतरवून घेतलं होतं: नोकरीचं आमिष दाखवणारा फोन आला आणि कागदपत्रं मागितली, तर बोलू नका, फोन कट करा.

बाईंना हसू आवरेना. शिकवलेलं पोरांनी इतकं मनावर घेतलेलं त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्या आणखी नऊ घरं फिरल्या. सात ठिकाणी हीच कथा. एका घरी खरंच बसची अडचण होती आणि एका मुलाला खरंच मशीन नको होतं. बैठकीत त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं, कुणालाही बोल न लावता. दिव्या मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. शेखररावांनी यादी पुढे ओढून घेतली. मग म्हणाले, "आमच्या ऑफिसातून फोन करणारी सलोनी सांगत होती की चिखलीची पोरं फार उर्मट आहेत. मीही तेच धरून चाललो."

पुढच्या खेपेसाठी ठरलं ते अगदी साधं होतं. फोन मुकुंद सरांनी स्वतःच्या नंबरवरून करायचे. कंपनीच्या सहीचं पत्र विहाराच्या फलकावर लावायचं. कागदपत्रं फोनवर नाही, समोरासमोर बघायची. दिव्या मॅडमनी खोटा फोन कसा ओळखायचा याच्या जोडीला खरा फोन कसा पडताळायचा, हेही शिकवायचं कबूल केलं.

या वेळी एकतीस जण आले. मुलाखतीच्या टेबलावर सलोनी नावं टिपून घेत होती. पिंकी बोलायला लागली तसं तिने मान वर केली आणि आवाज ओळखला.

"फसवायचे धंदे... तुम्हीच ना?" तिने विचारलं.

पिंकी लाजून हो म्हणाली. सलोनीने एक खुर्ची पुढे ओढली. "बसा. सगळ्यांत आधी तुमचीच कागदपत्रं बघते."

चोवीस जणांना काम मिळालं. पिंकी गुणवत्ता तपासणीत लागली. महिन्याभरात त्यातल्या तिघांनी नोकरी सोडली. शेखररावांनी हे फोनवर कळवलं, पण या वेळी कारण स्वतःच्या मनाने सांगितलं नाही. ते म्हणाले, "ताई, रविवारी मोकळ्या आहात का? त्या तिघांच्या घरी जाऊन यावं म्हणतो. मलाही घेऊन चला."