आण्णासाहेबांचा न वाजलेला भाग

मी टेप बोलतोय. व्हय, चकतीवर गुंडाळलेली ती तपकिरी फीत. सध्या मुक्काम खाजाभाईंच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात. बोलणं हा माझा धंदाच हाय, पण आजवर जे बोललो ते समदं दुसऱ्याचं. आज पहिल्यांदा माझं सांगतो. लई दिवस झाले, पोटात डाचतंय.

सुरुवात झाली एका पैजेवरनं. शुक्रवार होता. लोहाऱ्यातले खाजाभाई लाऊडस्पीकरवाले दुकान उघडं टाकून नमाजाला गेले होते अन् दुकानात दोन रिकामटेकडे बसले होते. एक गफार शिंपी, ज्याच्या मिशा त्याच्या शिवणीपेक्षा सरळ. दुसरा चाँदपाशा कल्हईवाला. गावातल्या समद्या घरांची भांडी ह्याच्या हातनं उजळायची. पण नाद एकच, नकलांचा. एसटीचा कंडक्टर, तहसिलीतला शिपाई, दवंडीवाला, ज्याचा म्हणाल त्याचा आवाज काढायचा.

"समद्यांचे जमतात तुला," गफार म्हणाला, "आण्णासाहेबांचा तेवढा जमायचा न्हाय."

"का बरं?"

"त्यो आवाज पोटातनं येतो. तुझ्या पोटात तेवढी जागाच न्हाय."

"लावतो का पैज?"

"हौ. मशीनवर बोल. रविवारी बाजारात भोंग्यावर लावू. कुणाला कळलं न्हाय तर म्या अर्धी मिशी काढून बाजारभर फिरतो."

"कोणती अर्धी?"

"तू म्हणशील ती."

आता सांगा, दुसऱ्याच्या अर्ध्या मिशीसाठी शहाणा माणूस असली पैज घेतो का? चाँदपाशानं घेतली. अन् ते मशीन म्हंजे माझं घर.

मी ह्या घरात कसा आलो, ते आधी ऐका. जन्म माझा परमुलखातला. तिथलं काय आठवत न्हाय. कोऱ्या टेपला आठवायला असतंय काय? निजामाचं राज जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, तरी खाजाभाई मोठ्या खरेदीला हैदराबादच गाठायचे. तिथं कुणा साहेबाचं सामान विकायला निघालं, त्यात त्यांनी मशीन उचललं अन् मशीनसंगं मला. घरी आल्यावर कुलसुमबीनं, म्हंजे त्यांच्या बायकोनं, माझ्याकडं बघितलं अन् म्हणली, "बोलने की पेटी लाए? घर में बोलने कू मैं कम थी क्या?"

रेडिओवर तेव्हा दर आठवड्याला एक नाटकुलं लागायचं, सासू-सुनेच्या भांडणाचं. गावात रेडिओ हाताच्या बोटावर मोजण्याएवढे. खाजाभाई रेडिओच्या तोंडाला माईक लावून ते माझ्यात भरायचे अन् रविवारी बाजारात भोंग्यावर वाजवायचे. लोक ज्वारीची पोती तशीच सोडून उभे राहायचे. जुने भाग तर मागून मागून ऐकायचे. "त्यो सासू रुसलेला लावा खाजाभाई." "आवं, ती बांगडी हरवती त्यो." भरताना घरातलं बी समदं माझ्यात यायचं. कुलसुमबीचा खोकला, दारातली शेळी. लोकांना वाटायचं शेळी त्या नाटकातल्या सासूचीच हाय. एखाद्या भागात ती ओरडली न्हाय तर लगेच चौकशी, "विकली का काय तिनं?"

चकत्या थोड्या अन् भाग लई. म्हणून नवं भरायचं तर जुनं पुसायचं. अन् एकदा पुसलं की माझ्यातनं ते साफ जातं. आठवू म्हणलं तरी आठवत न्हाय.

मग खाजाभाईंच्या मनात आलं, आपल्या गावचं का नगं रेडिओवर? दर आठवड्याला एक भाग, गप्पांचा. अन् गप्पा मारायला माणूस एकच, आण्णासाहेब. शेतकरी माणूस, पण त्यांनी नुसतं "त्याचं असं झालं" म्हणलं की लोक हसायला लागायचे. त्यांना माझ्यापुढं आणून बसवलं. माईककडं बघून ते म्हणले, "ह्याच्याकडं बघून कसं बोलू, खाजाभाई? ह्याला डोळंच न्हाईत."

"माझ्याकडं बघा की. मला हायती."

मग जे सुरू झाले ते! ढोकीच्या बाजारातनं आणलेला बैल, त्यो पूल बघितला की कसा खाली बसायचा, अन् त्याच्यामागं एसटी कशी अडकली, अन् कंडक्टरनं बैलाला तिकीट कसं फाडून दाखवलं. असा तो पहिला भाग. नमुना म्हणून खाजाभाईंनी मला डब्यात घालून पोस्टानं रेडिओवाल्यांकडं धाडलं. बऱ्याच दिवसांनी मी परत आलो. सोबत चिठ्ठी: आवाज स्वच्छ नाही, मागे शेळी ओरडते, प्रसारित करता येत नाही. खाजाभाईंना लई लागलं. मला फळीवर टाकलं अन् पुन्हा हात लावला न्हाय. तो भाग कुठंच वाजला न्हाय.

त्या शुक्रवारी गफारनं फळीवरनं मलाच काढलं. मशीनवर चढवून भराभर पुढं फिरवलं. त्याला वाटलं शेवटाला कोरी जागा असंल. न्हवती.

"काय बोलू?" चाँदपाशा म्हणला.

"सोयरिकीवर बोल. कस्तुराला तामलवाडीचं स्थळ आलंय म्हणं. पेटू दे बाजार."

कस्तुरा म्हंजे आण्णासाहेबांची एकुलती एक लेक. चाँदपाशानं घसा खाकरला, हनुवटी छातीला लावली अन् बोलला. खोटं कशाला सांगू, आण्णासाहेबांना पोटात घेऊन बसलेला मी, मी बी फसलो. त्यांचाच आवाज, तसाच सावकाश:

"तामलवाडीला लेक देणं म्हंजे चांगली ज्वारी पानी शिरलेल्या पेवात वतणं. त्यापरीस घरात म्हातारी झाली तरी चालंल मला."

जमिनीखालच्या पेवात पाणी शिरलं की ज्वारी कशी काळी पडून नासती, हे आमच्याकडं शेंबडं पोर बी जाणतंय. गफार हसून हसून स्टुलावरनं पडला. पडल्या पडल्या त्यानं मिशीवरनं एकदा हात फिरवला.

पण तो रविवार आलाच न्हाय. म्हंजे आला, पण शनिवारी आण्णासाहेब खळ्यावर बसल्या जागी गेले. कसला आजार न्हाय, काय न्हाय. खाजाभाई मातीवरनं आले अन् त्यांनी मला हिरव्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं.

"आण्णासाहेबांचा आवाज हाय ह्यात," ते कुलसुमबीला म्हणले. "अमानत हाय ही."

चाँदपाशा तेव्हा उंबऱ्यातच उभा होता. तो तसाच मागं वळला. बाहेर गफारचं बोलणं ऐकू आलं, "कुलपात हाय ना? मग झालं की. कोण काढतंय त्याला?"

ट्रंकेत मी स्वतःला लई समजावलं. माझी काय चूक? जे भरतात ते मी धरतो. चाकू काय म्हणतो, कापणाऱ्याला विचारा. पण चाकूच्या पोटात आवाज नसतो, माझ्या पोटात होता. दोघांचा. एक खरा, एक खोटा, अन् दोघांच्या मधी बोटभर बी जागा न्हाय.

वर्षश्राद्ध झालं. तामलवाडीची बोलणी पुन्हा निघाली अन् जमली. मुलगा चांगला, कस्तुराच्या बी मनात भरलेला. आण्णासाहेबांची बायको धुरपदाबाई एक दिवस खाजाभाईंकडं आली. दारातच उभी राहिली.

"भाऊ, ह्यांचा आवाज तुमच्याकडं हाय म्हणं."

"हाय की वहिनी."

"सुपारी फोडायच्या आधी तेवढा लावताल का? बाप मांडवात पाहिजे वो तिचा."

खाजाभाईंनी होकाराची मान हलवली.

साखरपुड्याला मला धुरपदाबाईच्या अंगणात आणलं तर तिथं कोपऱ्यात चाँदपाशा. सकाळपासून जेवणावळीच्या पातेल्यांना कल्हई लावत बसलेला. आमाला बघितलं अन् त्याचा भाता थांबला.

"खाजाभाई, ह्ये कशाला?"

"आण्णासाहेबांना आणलंय."

"बॅटरी उतरंल. थोडंच लावा."

"नवी हाय बॅटरी."

"मग शेवट तेवढा नका लावू. शेवटाला लई खरखर हाय."

खाजाभाईंनी त्याच्याकडं बघितलं. "तू कवा ऐकलास?"

कस्तुराची चोळी द्यायला आलेला गफार मधी पडला, "जाऊ द्या वो, धूर चढलाय त्याला," अन् त्यानं चाँदपाशाला कोपरानं ढोसलं.

चकती फिरली. भोंग्यातनं आण्णासाहेब बोलायला लागले अन् अंगण गप झालं. मग बैल पुलावर बसला अन् पाहुण्यांतले म्हातारे बी हसायला लागले. मुलाचे वडील महारुद्र तर डोळे पुसत होते. "व्याही असा पाहिजे होता राव," ते म्हणले. धुरपदाबाई चौकटीला टेकून ऐकत होती. कस्तुरा पाटावर बसून खाली मान घालून हसत होती.

मी मात्र पुढं जायला भीत होतो. मनात म्हणलं, आता तुटावं. आजवर दहादा तुटलो, खाजाभाईंनी दहादा चिकटवलं. त्या दिवशी तुटलो न्हाय.

"आता शेवटाला," आण्णासाहेब भोंग्यातनं म्हणले, "आमच्या कस्तुराचं सांगतो."

बारीक टक् झालं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. अन् लगेच त्याच आवाजात: "तामलवाडीला लेक देणं म्हंजे..."

पुढचं तुमाला ठावं हाय.

माझं टोक चकतीवरनं सुटलं अन् फट् फट् वाजत फिरत राहिलं. बंद करायचं कुणाला सुचलं न्हाय. महारुद्रांनी हातातली सुपारी ताटात ठेवली.

"येतो आमी."

"पाहुणं, थांबा की," खाजाभाई म्हणले. "काय तरी घोटाळा हाय. मला बी ह्ये..."

"घोटाळा कसला? घरधनी सोता बोलला. आमच्या दारात काय ज्वारी नासत न्हाय."

मंडळी उठली. आता धुरपदाबाई तरी हातापाया पडंल, असं समद्यांना वाटलं. ती चौकटीतनं हलली न्हाय.

"जाऊ द्या त्यांना, भाऊ," ती म्हणली. "ह्यांच्या मनात नव्हतं. मला जितेपणी बोलले न्हाईत, म्याच इचारायला पाहिजे होतं. आता त्यांचा शब्द मोडून लेक देऊ का मी?"

कस्तुरा पाटावरनं उठली अन् भिंतीकडं तोंड करून बसली. बाहेर जीपला हँडल मारल्याचा आवाज आला.

गफार चाँदपाशाच्या कानाशी लागला होता. "गप ऱ्हा. मोडली तर मोडली, दुसरं स्थळ येईल. तू बोललास तर गावात भांडं तरी देईल का कोण तुला? कुठल्या घरात घेतील?"

खरंच होतं ते. चाँदपाशाचं पोट दुसऱ्यांच्या चुलीपाशी जाण्यावर. एकदा बायकांनी दार लावलं की त्यानं कुणाची कल्हई करायची? तो पातेल्यात बघत बसला. आत त्याचंच तोंड, उजळलेलं.

चाँदपाशा, बाबा, तुझं सांगितलेलं मी एकदा बोललो. आता तू एकदा माझं बोल. मला तोंड न्हाय रे.

भाता बाजूला सारून तो उठला. काळ्या हातांनीच जीपपुढं जाऊन उभा राहिला.

"उतरा खाली. ते आण्णासाहेब न्हवते. मी बोललो ते."

महारुद्र हसले, पण कसंनुसं. "आरं जा. सोयरीक टिकवायला बोलालास व्हय? आमाला कान हायती."

"आईच्यान, मीच बोललो."

"चाँदपाशा," धुरपदाबाई आतनं म्हणली. आवाज चढला न्हाय तिचा. "तू चांगल्या मनाचा हायस. पण मालकाचा आवाज मला कळत न्हाय का? इतकी वर्षं नांदले मी."

खाजाभाई बघत होते, एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं. शेवटाला खरखर हाय, हे ह्यानं कवा ऐकलं, ते आता त्यांना कळत चाललं असावं.

आता एकच वाट उरली होती अन् ती चाँदपाशाला नको होती. अंगणात येऊन तो धुरपदाबाईपुढं उभा राहिला. मान खाली गेली, हनुवटी छातीला लागली. घसा खाकरला.

"तामलवाडीला लेक देणं म्हंजे," आण्णासाहेब अंगणात बोलले, भोंगा न्हाय, बॅटरी न्हाय, "चांगली ज्वारी पानी शिरलेल्या पेवात वतणं."

धुरपदाबाईचा हात आपोआप वर गेला अन् तिनं पदर कपाळावर ओढला. एक पाऊल मागं सरकली, मालक घरात येताना सरकायची तशी. मग तिनं वर बघितलं. पुढं उभा होता काळ्या हातांचा कल्हईवाला.

जीपचं इंजिन कुणीतरी बंद केलं. महारुद्र खाली उतरून फाटकापाशी आले होते.

"त्या दिवशी बी मीच होतो, वहिनी," चाँदपाशा म्हणला. आता त्याचा स्वतःचा आवाज होता, पातळ अन् चिरका. "पैज लावली होती म्या. आण्णासाहेब असं कधी बोलले न्हाईत. ते कस्तुराचं काय तरी सांगत होते. काय सांगत होते, ते म्या पुसलं."