शेवटाच्या आदल्या दिवशी विझलेली भट्टी

मित्रांनो, मी पावाची भट्टी आहे. वयाने जुनी आहे, पण मोडकी म्हणण्याआधी जरा थांबा. या गल्लीतल्या तीन पिढ्यांची न्याहारी माझ्या पोटातून बाहेर पडली आहे.

माझा घुमट एका बोलघेवड्या गवंड्याने बांधला. तो प्रत्येक वीट ठोकून कान लावायचा आणि आवाज बद्द आला की ती फेकून द्यायचा. जाताना मालकिणीला म्हणाला, "बाई, हिला उपाशी ठेवा एकवेळ, पण तापलेली असताना पाणी दाखवू नका. तडकेल."

"भट्टी माझी आहे, तुमची मेहुणी नाही. निघा आता," मालकीण म्हणाली.

या मालकिणीला सगळे मोठी आई म्हणत. तिच्या जिभेपेक्षा माझे निखारे गार, असे गिऱ्हाईके मागे बोलत. तिच्यासमोर बोलायची कोणाची छाती नव्हती.

माझ्या तरुणपणी बातमी आली की सगळे ग्रह एका रांगेत येणार आणि जग बुडणार. माझ्यासमोरही रांग लागली. बुडायचे होते, तरी प्रत्येकाला दोन पाव जास्तच हवे होते. रांगेत शाळेचे मास्तर होते. ते म्हणाले, "हे काही नवीन नाही. पूर्वी ग्रह बघणाऱ्यांनी महापूर सांगितला, तेव्हा लोकांनी होड्या बांधल्या होत्या. पूर काही आला नाही."

"मग होड्यांचं काय केलं?" मोठ्या आईने विचारले.

"जळणात गेल्या असतील."

"म्हणजे कुठल्या तरी भट्टीवाल्याचं भलं झालं. पुढे सरका."

नंतर आकाशातले एक यंत्र डोक्यावर पडणार होते. मग कॉम्प्युटरला नवे साल कळणार नव्हते, म्हणून सगळे ठप्प होणार होते. दर वेळी नवा माणूस, नवी तारीख आणि तोच थरथरता आवाज. मोठी आई म्हणायची, "शेवट व्हायचा तर होऊ दे. सकाळी लोक पाव मागतील." आणि पीठ मळायला घ्यायची.

पण थोरला, म्हणजे तिचा मुलगा, मनाने हळवा. त्याला दर वेळी सगळे खरे वाटायचे. आई समोर असेपर्यंत त्याची भीती मुकाट होती. पुढे आईने अंथरूण धरले. तिचा पलंग माझ्या पाठीमागच्या खोलीत, भिंतीला लागून होता. माझी ऊब तिच्या गुडघ्यांना लागायची.

तेव्हाच बातमी आली की कुठल्याशा प्राचीन लोकांची कालगणना संपते आहे, तर जगही संपणार. आदल्या दिवशी दुपारी थोरला बादल्या भरून माझ्यासमोर उभा राहिला.

"अहो, हे काय करताय?" त्याची बायको धावत आली.

"भूकंप झाला तर निखारे घरभर होतील. आईला उठता येत नाही. तिला जळू देऊ का?"

"आणि उद्या जग जागेवर राहिलं तर?"

त्याने पहिली बादली माझ्या तोंडातून आत फेकली. मी तडकले, मित्रांनो. तो आवाज त्यालाही ऐकू गेला. तरी त्याने दुसरी ओतली.

सकाळी ऊन पडले. दारात माणसे पिशव्या घेऊन उभी होती. थोरल्याने घाईघाईने मला पेटवले. घुमटाच्या भेगेतून सगळी धग आणि धूर वर निघून गेला. पाव कच्चेच राहिले.

पलीकडे मोठ्या आईने भिंतीवर तळवा ठेवला. "थोरल्या, भिंत गार का?"

"आज सुट्टी घेतलीय, आई."

"कोणाला विचारून?"

मग तो रोज सांगू लागला की दुरुस्ती चालू आहे. ती रोज हात लावून बघायची. एक दिवस तिने हात लावणे सोडले आणि विचारणेही सोडले. ती खुळी नव्हती. थंडी संपायच्या आत ती गेली.

गवंडी केव्हाच वारला होता. दुसऱ्याने माझ्यावर सिमेंट थापले, ते पहिल्याच जाळात गळून पडले. गिऱ्हाईके काचेच्या दाराच्या दुकानात गेली. थोरलाही तिथेच लागला, आता पिशव्यांत पाव भरतो. संध्याकाळी माझ्याजवळ बसून मोबाइलवर नवी तारीख शोधतो. परवा बायको म्हणाली, "अजून कसली भीती वाटते तुम्हाला?"

"भीती नाही," तो म्हणाला. "या वेळी तरी खरं व्हावं."

मित्रांनो, तुमच्या दारी कोणी शेवटाची तारीख घेऊन आला, तर त्याला बसवा, प्यायला पाणी द्या. पण तापलेल्या भट्टीवर थेंबही टाकू नका. जग बुडाले तर तुम्हाला जाब विचारायला कोणी उरणार नाही. पण नाही बुडाले, तर भिंतीपलीकडचे माणूस हात लावून बघेल.